एक्कावन्न पूर्णांक चार

गोटीरामनं पर्जन्यमापकाचं नरसाळं दोन्ही हातांनी फिरवून वर उचललं, आतली बाटली काढली आणि ती जड लागली म्हणून तो तसाच वाकलेला राहिला. बाटलीत पाणी होतं.

त्यानं आभाळाकडं पाहिलं. मे महिन्यातलं, सकाळी साडेआठलाच पांढरं पडलेलं कोरडं आभाळ. मग पायांकडं पाहिलं. चपलेखालची माती फुफाट्यासारखी उडत होती. कुंपणाच्या कोपऱ्यात मुंग्यांनी बिळाच्या तोंडाशी रचलेली बारीक मातीची कडी होती, तिचा एक कणही हललेला नव्हता. कुंपणाच्या दाराला कुलूप होतं ते त्यानंच आत्ता उघडलं होतं आणि त्याची किल्ली घरात देव्हाऱ्याखालच्या खिळ्याला असते, हे घरातल्या दोन माणसांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

तरी त्यानं मोजलं. बावीस वर्षांची सवय होती. काचेचं मोजपात्र एकदा भरलं, वीस. दुसऱ्यांदा भरलं, वीस. तिसऱ्यांदा भरून त्यानं ते डोळ्यांच्या रेषेत धरलं आणि पाण्याचा खालचा काठ वाचला. अकरा पूर्णांक चार. एकूण एक्कावन्न पूर्णांक चार मिलिमीटर. एवढा पाऊस झाला असता तर मळ्यामागचा ओढा वाहिला असता आणि गोटीराम या घडीला बांध सांधायला गुडघाभर चिखलात उभा असता.

त्यानं मोजपात्र नाकाशी नेलं. पाण्याला वाळ्याचा वास येत होता.

आता हसावं की कपाळाला हात लावावा, हे त्याला समजेना. उन्हाळ्यात माठात वाळा टाकणारं घर आसपास एकच होतं, ते त्याचं. आणि त्या माठात तांब्या बुडवणारी बाई या वेळी चुलीपुढं भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज रोजच्यापेक्षा जरा जोरातच येत होता.

तो आत गेला आणि उंबऱ्यावर टेकला.

"राती पाऊस झाला म्हणायचा," तो म्हणाला.

चंद्रभागानं मान वर केली नाही. "झाला आसंल."

"एक्कावन्न पूर्णांक चार."

"बरा झाला मग."

"आपल्या मापकातच झाला. अंगणात नाय, बांधावर नाय. आन त्याला वाळ्याचा वास येतोय."

थापणारा हात थांबला. भाकरी तव्यात टाकून तिनं हात परातीत झटकले.

"मी तांब्याभरच घातलं," ती म्हणाली. "मला काय ठाव त्याचं पन्नास होतंय."

बोलण्यासारखं काल संध्याकाळी सगळं गाव बोललं होतं.

त्यांची लेक भाग्यश्री नाशकात गंगापूर रोडला एका संस्थेच्या हवामान सल्ला केंद्रात नोकरीला होती. शेतीतलं एमएस्सी, केंद्रात दुसरं वर्ष. रेडिओवर सगळ्या जिल्ह्याला मिळून एकच ओळ यायची, 'तुरळक ठिकाणी वादळी पावसाची शक्यता', आणि हे तुरळक ठिकाण म्हणजे आपलंच की दुसऱ्याचं, हे पाऊस पडून गेल्यावरच कळायचं. भाग्यश्रीनं वर्षभर केंद्रप्रमुख सरांच्या मागं लागून तालुक्यातालुक्याचा वेगळा अंदाज सुरू करायला लावला होता. यंदाच्या मे महिन्यापुरता, करून बघायचा म्हणून. रोज बाराच्या सुमारास केंद्रातून गावोगावच्या डेअऱ्यांवर फोन जायचा आणि डेअरीवाला तो अंदाज फळ्यावर खडूनं लिहायचा. मग पावसाचे आकडे गावोगावच्या मापकांवरून गोळा करून अंदाजाशी ताडून पाहायचे. दिंडोरी तालुक्याच्या या अंगाला असलेलं मापक तिच्या बापाच्या मळ्यात होतं.

परवा फळ्यावर पहिला मोठा अंदाज आला होता. 'उद्या दुपारनंतर तालुक्याच्या पूर्व भागात वादळी वारा, विजांसह जोरदार पाऊस.' गावात बहुतेकांचा उन्हाळ कांदा उपटून पातीसकट शेतात पसरलेला होता. तो तीन-चार दिवस उन्हात वाळला, मान सुकली की कांदाचाळीत सहा महिने टिकतो. भिजला तर गेला. आणि ओल्या मानेचा घाईघाईनं गोळा करून ताडपत्रीखाली झाकला, तर त्याला आत घाम सुटतो आणि तो आतूनच सडत जातो. म्हणजे इकडं आड, तिकडं विहीर. तरी गावानं ऐकलं. भागी आपली पोर, ती काय उगाच सांगते, म्हणून माणसं भल्या पहाटे शेतात उतरली, दुपारपर्यंत कांदा गोळा करून ढीग घातले, ताडपत्र्या ओढल्या, कडांना दगड ठेवले. गोटीरामनं आपलाही झाकला.

साडेपाचला वारा सुटला. आभाळ काळंभोर झालं, विजा चमकल्या. रुपयाएवढे दोन-चार थेंब धुळीत पडले. मग ते सगळं बिऱ्हाड उचलून कादवा नदीच्या पलीकडं गेलं आणि गावाच्या डोळ्यांदेखत तिकडं तासभर कोसळलं. इकडं एक पन्हळ गळली नाही.

रात्री चंद्रभागा डेअरीवरून दूध घालून आली ती न बोलता जेवली. बांधाशेजारची लंकाबाई चार बायांत तिला म्हणाली होती, "तुझी भागी कागदावर पाऊस पाडती गं, आम्हाला शेतात लागतो." बायका हसल्या होत्या. चंद्रभागानं उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि चंद्रभागा उलट उत्तर देत नाही म्हणजे घाव वर्मी लागलेला असतो, हे गोटीरामला तीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. पण ती त्यावर असा उपाय काढील, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पलीकडं पडलाच ना?" चंद्रभागा आता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मैलभर इकडं सरकला आसता तर त्याचं काय जात व्हतं? त्यो नाय सरकला, मी सरकवला."

"अगं, पण…"

"पण काय? तिच्या साहेबानं काय सांगितलंय, ठाव हाय ना? अंदाज चुकले तर हे बंद करायचं आन पुन्हा जिल्ह्याची एक ओळ. पोर वर्षभर झिजली यासाठी. तुम्ही काय लिवायचं ते लिवा. पण तिनं आकडे शिकले ते तुमच्या त्या काचंवर. आन तिचा पयला मोठा अंदाज तुम्हीच खोडणार?"

हे खरं होतं. भागी सहा वर्षांची होती तेव्हापासून रोज सकाळी बापाबरोबर कुंपणात यायची. मोजपात्र डोळ्यांसमोर धरायची आणि पाण्याचा वरचा काठ वाचायची. गोटीराम म्हणायचा, खालचा वाच, वरचा काठ माणसाला फसवतो. महिन्याभरात ती खालचा काठ अशी काही वाचायला लागली की गोटीराम वहीत आकडा तिला विचारून लिहायचा. स्वतः सातवी पास. पण आपल्या पोरीला दशांश चिन्ह शाळेच्या आधी पावसानं शिकवलं, याचा त्याला इतका अभिमान होता की तो कोणापुढं बोलूनही दाखवायचा नाही. बोललं की तो कमी होईल असं त्याला वाटायचं.

त्यानं खुंटीवरची पिशवी काढली, वही उघडली आणि कालच्या तारखेपुढं पेन्सिल टेकवली.

एक्कावन्न तर तो लिहिणारच नव्हता. ते शेजारच्या शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. पण पाच? पाच लिहिले असते तर कुत्रंसुद्धा भुंकलं नसतं. वारा आला होता, विजा होत्या, थेंब पडले होते. नदीपलीकडं तर पाऊस झालाच होता. पाच मिलिमीटर म्हणजे पोरीच्या अंदाजाची लाज राखण्यापुरता पाऊस. पेन्सिलीचं टोक रकान्यात टेकलेलं होतं आणि त्याचा एक बारीक ठिपका उमटला होता. गोटीराम त्या ठिपक्याकडं पाहत राहिला. चुलीवरची भाकरी फुगली आणि खाली बसली, तरी चंद्रभागानं ती उलटली नाही.

मग त्यानं वही मिटली. आकडा न लिहिता तो घराबाहेर पडला. बावीस वर्षांत असं पहिल्यांदा घडत होतं. आई गेली त्या दिवशीसुद्धा त्यानं आधी मापक पाहिलं होतं आणि मग खांदा दिला होता.

डेअरीवर सकाळच्या दुधाची गर्दी ओसरत आली होती. डेअरी चालवणारा गोरक्ष कॅन धूत होता. गावातला एकमेव फोन त्याच्याच टेबलावर. फळ्यावर फॅटच्या दराखाली परवाचा अंदाज तसाच होता. 'जोरदार' या शब्दापुढं कोणीतरी खडूनं एक छत्री काढली होती, तीही उलटी झालेली.

"या नाना," गोरक्ष म्हणाला. "भागीताईचा पाऊस मुक्कामाला कुठं थांबला, काय कळलं का? का यश्टी चुकली त्याची?"

दोघं-तिघं हसले. लंकाबाई रिकामी किटली घेऊन बाकावर बसली होती. ती हसली नाही.

"माझा सगळा हिरव्या मानंचा झाकलाय, भाऊजी," ती म्हणाली. "आता उघडावा तर आज पडायचा, आन नाय उघडावा तर उकडून जायचा. तुम्हीच सांगा काय करू."

गोटीरामनं रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवला. हसणं आपोआप थांबलं, कारण आकडा लेकीला सांगायचा आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं.

"केंद्रातून बोलतेय. आकडा सांगा," पलीकडून भाग्यश्रीचा आवाज आला. कामाच्या वेळी ती त्याला नाना म्हणत नसे, आणि गोटीरामला ते मनापासून आवडायचं.

त्यानं वही उघडून टेबलावर ठेवली. डाव्या हातात रिसीव्हर, उजव्या हातात पेन्सिल.

"शून्य पूर्णांक शून्य," तो म्हणाला आणि त्याच ठिपक्यावर शून्य काढलं.

डेअरीत दुधाचा नळ तेवढा ठिबकत होता.

"थेंब?"

"दोन-चार. रुपयाएवढे. मोजण्याजोगे नाय."

"वारा कुठून?"

"आधी कादवेकडून. मग फिरला आन तिकडंच गेला. साडेपाच-पावणेसहा."

"गारा?"

"नाय."

"लिहिलं. शून्य पूर्णांक शून्य," ती म्हणाली. तिचा आवाज कापला नव्हता की बसला नव्हता. आकडा घेताना तो एकदा परत म्हणून दाखवायचा, ही त्याचीच शिकवण होती. फोन बंद झाला.

गोटीरामच्या छातीत एकाच वेळी काहीतरी दुखलं आणि काहीतरी ताठ उभं राहिलं. आपण लेकीचं नुकसान केलं, हे त्याला लख्ख कळत होतं. आणि तिनं ते नुकसान कसं उभ्यानं झेललं, हेही त्यानं ऐकलं होतं. त्यानं वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'मापक धुतले.' त्यात खोटं काही नव्हतं. तांब्याभर पाण्यानं ते आतून धुवून निघालं होतंच.

"भागीच व्हती ना?" लंकाबाईनं विचारलं. "तिलाच शून्य सांगितलं?"

"पडला नाय तर काय सांगू?"

गोरक्षनं ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरची ती छत्री तेवढी पुसून टाकली.

घरी चंद्रभागा ओट्यावर बसून होती. त्याच्या तोंडाकडं पाहूनच तिला कळलं.

"सांगितलं?"

"सांगितलं."

ती उठली. "बाप म्हणून जन्माला आला का यंत्र म्हणून?" एवढंच म्हणाली आणि आत निघून गेली. त्यानंतर तिनं त्याला पाणीही विचारलं नाही. गोटीरामनं स्वतःच माठातून घेतलं. वाळ्याचा वास आला तसा त्यानं तांब्या अर्ध्यातच खाली ठेवला.

बारा वाजले. डेअरीवर फोन आला नाही. साडेबारा झाले, तरी नाही. एकच्या सुमाराला गोरक्षचा निरोप घेऊन माणूस आला, केंद्राला फोन लावला तर कोणी धड सांगत नाही, मॅडम जाग्यावर नाहीत म्हणतात. चंद्रभागानं तो निरोप दारात उभं राहून ऐकला. मग ती कोपऱ्यात धान्याच्या कोठीला टेकून बसली आणि पदर तोंडाला लावला. पोरीची नोकरी गेली, असं ती मोठ्यानं म्हणाली नाही. पण घरभर तेच वाक्य भरून राहिलं. गोटीरामही दाराबाहेर ऊन बघत बसला. शून्य लिहिल्याचा त्याला पश्चात्ताप होत नव्हता, पण ते शून्य गिळता येत नव्हतं एवढं खरं.

दीडच्या एसटीतून भाग्यश्री उतरली.

ही बातमी ती घरी पोचायच्या आतच घरी पोचली, कारण ती घरी आलीच नव्हती. सरळ डेअरीवर गेली होती. गोटीराम आणि चंद्रभागा तिथं पोचले तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. चंद्रभागा बायांच्या मागं, भिंतीच्या सावलीला उभी राहिली. भाग्यश्रीच्या खांद्याला पिशवी होती, चेहरा उन्हानं लाल झाला होता. तिनं गोरक्षकडून फडकं मागून घेतलं, परवाचा अंदाज पुसला आणि खडू हातात घेतला. तिनं लिहिलेलं गोरक्ष मोठ्यानं वाचत गेला, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी.

'काल. अंदाज: जोरदार पाऊस. पडला: ०.० मि.मी. अंदाज चुकला.' आणि खाली सही करावी तसं पूर्ण नाव, भाग्यश्री गोटीराम पिंगळ.

वाचता वाचता गोरक्षचा आवाज शेवटी जरा खाली आला. त्या फळ्यावर आजवर खताचे, बियाण्यांचे, बँकेचे, पंचायतीचे नाना प्रकारचे निरोप लिहून गेले होते. 'चुकलं' हा शब्द तिथं पहिल्यांदाच लिहिला जात होता.

"चूक माझी आहे," भाग्यश्री म्हणाली. "मी सगळ्या पूर्व भागाला एका माळेत ओवलं. ढग आले, पण पाऊस नदी सोडून अलीकडं आला नाही. तुम्हाला त्रास झाला, कांदा झाकावा लागला. हे फोनवर सांगायचं नव्हतं, म्हणून आले."

लंकाबाईनंच तोंड उघडलं.

"आलीस ते बरं केलंस, बाई. पण आता झाकल्या कांद्याचं काय?"

"मावशी, त्याचसाठी आलेय." भाग्यश्रीनं पिशवीतून नकाशाची घडी काढून टेबलावर पसरली. "सकाळी दहा गावांचे आकडे आले. पलीकडच्या चार गावांत दणकून झाला. अलीकडचे दोघं म्हणाले, थोडाफार पडला असेल. असेल! त्या 'असेल'चं मी काय करू? मग इथलं शून्य आलं. तेव्हा कळलं ढग नेमका कुठं थांबला. मी नदीवर रेघ मारली. सर म्हणाले, एका आकड्यावर एवढी मोठी रेघ मारतेस? मी म्हटलं, सर, हा आकडा बावीस वर्षं चुकलेला नाही."

गोटीरामनं टोपी काढली, झटकली आणि परत घातली. टोपीला धूळ वगैरे काही नव्हती. आजूबाजूचे लोक आपल्याकडं बघताहेत हे त्याला कळत होतं आणि कुठं पाहावं ते कळत नव्हतं. बावीस वर्षांत त्या वहीबद्दल कोणी त्याला चांगलं म्हटलं नव्हतं, की वाईटही. आज लेकीनं चारचौघांत म्हटलं.

"भागे," मागून चंद्रभागाचा आवाज आला. "आन नानांनी पन्नास सांगितलं आसतं तर?"

भाग्यश्री हसली. "पन्नास? कुठून आणलं असतं पन्नास?"

"धर, सांगितलं."

"मग पावसाची रेघ नदी ओलांडून गावाच्याही मागं गेली असती, आई. आज मी फळ्यावर लिहिलं असतं, ताडपत्र्या काढू नका, आजही पडणार. आणि सगळ्या गावाचा कांदा आतल्या आत सडला असता. माझ्या सांगण्यावरून."

चंद्रभागानं पदराचं टोक दातांत धरलं. गोटीरामनं तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला तिथं उभं राहणं जड गेलं असतं.

भाग्यश्रीनं खडू उचलला आणि खाली नवी ओळ लिहिली. गोरक्षनं वाचली. 'आज दुपारनंतर ढग, वारा, गडगडाट. कादवेच्या पलीकडं जोरदार पाऊस. अलीकडं पाऊस नाही. कांदा उघडा करावा.'

"हा चुकला तर?" गोरक्षनं विचारलं. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"तर तालुक्याचा अंदाज आजपासून बंद. सरांनी तसं सांगूनच पाठवलंय." तिनं खडू टेबलावर ठेवला. "मला साडेतीनची गाडी गाठायची आहे. संध्याकाळचे आकडे घ्यायला केंद्रात दुसरं कोणी नाही, तोवर फोनवर एकजण बसवून आलेय."

घरी ती अर्धी भाकरी उभ्या उभ्याच खाऊन निघाली. निघताना सवयीनं वही उघडून पाहिली.

"मापक धुतलं? आज?"

"धूळ लय बसली व्हती," चंद्रभागा घाईघाईनं म्हणाली.

भाग्यश्रीनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा नानांकडं. मग वही मिटून जिथल्या तिथं पिशवीत ठेवली, दोघांच्या पाया पडली आणि गेली.

एसटी गेली आणि पाऊण तासात पश्चिमेकडून आभाळ भरून यायला लागलं. कालच्याहून काळं. वारा पडला, पाखरं गप्प झाली. गावाबाहेरच्या शिवारात ठिकठिकाणी माणसं आपापल्या ढिगांपाशी उभी होती. कोणी ताडपत्री काढत नव्हतं आणि कोणी घरीही जात नव्हतं. फळ्यावर लिहिलं होतं, 'उघडा करावा.' वर आभाळ सांगत होतं, करू नका. माणसं मधूनमधून गोटीरामच्या मळ्याकडं बघत होती. बाप काय करतो ते कळलं की पुढचं ठरवायचं, असा सरळ हिशेब होता. बांधापलीकडं लंकाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

आणि गोटीराम आपल्या ढिगापाशी नुसता उभा होता. आकडा खरा सांगणं एक वेळ सोपं होतं. पाणी पडलं तर पडलं, नाही तर नाही. पण जे अजून पडायचं आहे त्याच्यावर घराचा सगळा कांदा उघडा टाकायचा, म्हणजे निराळंच धैर्य लागतं. ते त्याच्या वहीत बसत नव्हतं. लांब वीज चमकली. त्यानं आकडे मोजले. आठपर्यंत गेला तेव्हा गडगडलं.

"थोडं थांबून बघू," तो म्हणाला. "अर्धा तास."

चंद्रभागानं पदर खोचला, खाली वाकली आणि ताडपत्रीच्या कडेवरचा पहिला दगड उचलून बाजूला टाकला. मग दुसरा. तिसरा मोठा होता, तो तिनं पायानं लोटला.

"अगं, आभाळ बघितलंस का?"

"बघितलं," ती म्हणाली. "धरा तिकडून."

गोटीरामनं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ताडपत्री ओढली, तशी कांद्याची गरम, तिखट वाफ एकदम अंगावर आली. चंद्रभागानं वाकून दोन-चार कांदे हातात घेतले, माना अंगठ्यानं दाबून पाहिल्या आणि ढीग पायानं मोकळा करायला लागली. पुन्हा गडगडलं, या वेळी जवळ. बांधापलीकडून लंकाबाईनं हाक मारली.

"चंद्रभागे! येतोय बघ गं!"

"येऊ दे," चंद्रभागा म्हणाली. "आपल्याकडं नाय येत त्यो."

तिनं ताडपत्रीची घडी केली, घडीवर घडी, चौकोनी, नीट. वाऱ्याचा पहिला झोत आला आणि तिच्या डोईवरचा पदर उडाला. तिनं तो सावरला, घडी जमिनीवर ठेवली आणि त्या घडीवर आभाळाकडं पाठ करून बसली.

बांधापलीकडं लंकाबाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं वाकून पहिला दगड उचलला.